ऑपरेटरबाईंची भाजीची वही

आधीच कबूल करून टाकते, मी भोचक आहे. कुणाच्या घरी कालचे पाहुणे कोण होते, कुणाच्या मुलीला बघायला आलेले लोक चहा न घेताच का उठले, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. आणि अशा बाईच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून देवाने ऑपरेटरबाईंचा एसटीडी बूथ काढून दिला. मधे फक्त प्लायवूडची भिंत. पंधरा वर्षं मी त्या भिंतीला कान लावून बसले होते असं म्हटलं तरी चालेल. पंधरा वर्षांत मला काय मिळालं? काही नाही. भोपळासुद्धा नाही, तो बाईंच्या वहीत होता.

पंचवटीत, गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची दुकानं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. डायल फिरवून थेट बोलायची सोय झाली तशी त्यांनी नोकरी सोडली आणि एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला हा बूथ टाकला. काचेची एक केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर, बाहेर टेबल आणि टेबलामागे बाई. उंच, सडसडीत, आणि मान कायम डावीकडे झुकलेली. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून ती तशीच राहिली होती. नवीन माणसाला वाटायचं, बाई आपलं फार मायेने ऐकताहेत. प्रत्यक्षात त्या कुणाचंच ऐकत नसत. केबिनचं दार लागलं की रेडिओचा आवाज इतका वाढवायच्या की शेतकऱ्यांसाठीचं हवामान थेट गंगेपर्यंत ऐकू जायचं.

"बाई, त्या मुलाचं काय झालं हो? रडतच बाहेर पडला," मी विचारायची.

"मी ऐकलं नाही."

"थोडंसं तरी कानावर आलं असेल."

"ऐकलं असतं, तरी मी ऐकलं नाही."

नोकरीत त्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती. नोकरी सुटली की शपथ उतरते, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "शपथ आहे ती, स्वेटर नाही."

ट्रंक कॉलच्या काळात दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मधे येऊन विचारायची, वाढवायची का. ती सवय बाईंच्या हाडात मुरली होती. कुणी दुकानात येऊन सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं की त्या घड्याळाकडे बघायच्या आणि बरोबर तीन मिनिटांनी म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" माणूस दचकून थांबायचा. हळदीकुंकवाला, बारशाला, एकदा तर एका घरी दहाव्याला भेटायला गेलो तिथेसुद्धा! मी चिमटा काढला, पण ज्यांचं माणूस गेलं होतं त्या काकू रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "वाढवा हो."

आता वहीचं सांगते.

बाईंची बरीच गिऱ्हाइकं फुलं आणि भाजी घेऊन येणाऱ्या बायका. मखमलाबादकडून, गंगापूरकडून सकाळी पाट्या घेऊन यायच्या, माल विकला की फोन करायच्या. कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाची लेक कोल्हापूरला. त्यांतल्या पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नसे, आणि नंबरची चिठ्ठी घरी ठेवायची सोय नसे. मग नंबर सांभाळायचे बाईंनी. त्यासाठी त्यांनी एक लांब, लाल पुठ्ठ्याची वही केली होती. त्या वहीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. प्रत्येकजण भाजी होती. गवार, कारलं, दुधी, मटार, मेथी. पुढे आकडे, पण तेही सरळ नाहीत. नंबरात बाईंनी आपल्या मनचे आकडे मिसळून, फिरवून, किलो आणि जुड्या लावून ठेवलेले. वही उघडली तर वाटावं, एखाद्या खानावळीचा बाजार आहे. किल्ली फक्त बाईंच्या डोक्यात.

"मी कोणती भाजी?" असं मी किमान शंभर वेळा विचारलं असेल. सांगितलं नाही. माझा संशय मिरचीवर होता.

ह्या वहीतली 'शेपू' म्हणजे हिराबाई. हे मला बाईंकडून नाही, फार पुढे खुद्द हिराबाईंकडून कळलं. हिराबाई झेंडूची पाटी घेऊन यायच्या, ठेंगण्या, सदा घाईत. त्यांची एकुलती एक मुलगी संगीता, बावीस वर्षांची, अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाशी लग्न करून गाव सोडून गेली. मुलगा जातीबाहेरचा. वडील दगूनाना म्हणजे मळ्यात आणि भावकीत नाक वर करून चालणारा माणूस. त्यांनी चार लोकांत शपथ घातली, "सापडली की फरफटत आणीन, आणि त्याच्या तंगड्या हातात देईन." नाना नुसतं बोलणाऱ्यातले नव्हते, हे सगळ्या मखमलाबादला माहीत होतं. संगीताचा नंबर जगात फक्त दोन ठिकाणी होता, बाईंच्या डोक्यात आणि त्या वहीत. हिराबाई दर गुरुवारी केबिनमध्ये शिरायच्या, दहा मिनिटांनी डोळे पुसत आणि हसत बाहेर यायच्या, आणि मग उरलेली फुलं बाईंच्या टेबलावर ओतून जायच्या.

हिराबाई ह्या बूथवरून लेकीशी बोलतात, हे नानांना कुणीतरी सांगितलं. नानांनी ओळखीच्या एका पुढाऱ्याला सांगितलं, आणि एके दिवशी चौकीवरचे देवरे हवालदार बूथवर हजर झाले. देवरे सटाण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. वरून कुणी सांगितलं की नाही म्हणता येत नसे, एवढाच दोष.

"ताई, ती हिराबाई हाय ना, ती कुठं फोन करती, तेवढं सांगून टाका."

"लेखी आणा," बाई म्हणाल्या.

"लेखी कशाला? घरचा मामला शे."

"घरचा मामला असेल तर पोलीस कशाला आले? आणि पोलिसांचा असेल तर लेखी का नाही?"

मी भिंतीपलीकडे जिवाचा कान केला होता. देवऱ्यांनी खाकरून घेतलं.

"देवरे, मी एक्स्चेंजमध्ये होते," बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "तिथे प्रत्येक कॉलची नोंद असते. तुम्ही तिथे जा. ते देतील. फक्त साहेबाच्या सहीचा हुकूम मागतील, कारण काय ते विचारतील. बावीस वर्षांची बाई नवऱ्याबरोबर राहते, हा कुठला गुन्हा, ते त्यात लिहायला लागेल. ते तुम्हाला लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात. हो ना?"

देवरे बिचारे घामाघूम. पण रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती. त्यांनी टेबलावरची वही उचलली. "हे मी चौकीवर नेतो."

मला वाटलं, आता बाई आकाशपाताळ एक करणार. पण त्या म्हणाल्या, "न्या. पावती द्या." आणि मला हाक मारली, "मंदा, टाइप कर."

मी माझ्या टाइपरायटरवर बसले. बाईंनी मजकूर सांगितला : 'भाज्यांची वही, नग एक, मिळाली.' देवऱ्यांनी घाईत सही ठोकली. आणि मग, मला सांगताना आजही लाज वाटते, ते वही घेऊन तडक माझ्याच दुकानात शिरले. "सगळ्या पानांची झेरॉक्स काढा."

मी नाही म्हणू शकले असते. म्हणायला हवं होतं. पण समोर वर्दी, आणि हातात ती वही, जिच्यासाठी मी किती वर्षं तळमळत होते! मी काढली झेरॉक्स. एकेक पान मशीनवर ठेवताना अधाशासारखं वाचलं. कारलं बारा, दुधी पावणेचार, भेंडी... काहीही कळलं नाही. आपल्याला काही कळलं नाही ह्याचा राग आणि आपण काय केलं ह्याची शरम, दोन्ही एकदम आली. संध्याकाळी बाई दुकान बंद करताना एवढंच म्हणाल्या, "पानं नीट उमटली का ग?" मी त्या दिवशी खरंच जेवले नाही.

पुढचं मात्र असं घडलं की मला आजही आठवून ठसका लागतो. देवऱ्यांचा साडू दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात आडत्या. देवऱ्यांनी विचार केला, भाजीची वही आहे, तर भाजीतल्या माणसाला दाखवू. साडूने चष्मा लावला, कागद पसरले आणि अर्धा दिवस गंभीरपणे तपासणी केली. मग निकाल दिला : "वैशाखात मटार? ह्या दिवसांत मटार येतो का कुठं? आन् मेथी किलोवर लिहिली हाय, मेथी जुडीवर जाती. ही बाई लय मोठी लबाड हाय. हिला भाजीतलं काय बी कळत नाय."

देवरे परत आले ते बाईंवर उखडूनच. "ताई, वैशाखात मटार येत नाय!"

बाईंनी क्षणभर विचार केला. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि कागदावर टिपून घेतलं.

इकडे चौकीवरच्या साहेबांनी त्या पावतीची देवऱ्यांकडची कार्बन कॉपी पाहिली. 'भाज्यांची वही, नग एक' कुणाच्या तक्रारीवरून जप्त केली, असं त्यांनी देवऱ्यांना सगळ्यांसमोर विचारलं. वही त्याच दिवशी परत आली, वर देवऱ्यांच्या घरची वांगी.

त्यानंतर बाई रोज सकाळी भाजीबाजारातून चक्कर मारून येऊ लागल्या. नवी वही केली. तीत ऋतूप्रमाणे भाज्या बदलायच्या. उन्हाळा आला की मटारवाल्याची गवार व्हायची, मेथी जुडीवर, टोमॅटो कॅरेटवर. कुठल्याही आडत्याने बघावं आणि मान डोलवावी! पण ह्या अदलाबदलीत एकदा बाईसुद्धा चुकल्या. एका निवृत्त हेडमास्तरांना पुण्याच्या मेहुण्याशी बोलायचं होतं, त्यांना जोडून दिला सुरतेचा फुलांचा व्यापारी. हेडमास्तरांना कमी ऐकू येई, व्यापाऱ्याला मराठी अर्धवट येई. दोघं सहा मिनिटं बोलले आणि हेडमास्तर समाधानाने बाहेर आले. म्हणाले, "मेहुणा सुधारला. पहिल्यांदा तब्येतीची चौकशी केली."

शेपू मात्र शेपूच राहिली. ती बारमाही मिळते.

झेरॉक्स अजून बाहेर होती, हे विसरून चालणार नव्हतं. देवऱ्यांनी ती नानांना देऊन टाकली होती. हिराबाई हळूच सांगायच्या, "रोज जेवण झालं की कागद घिऊन बसत्यात. बोटं मोडत्यात, काय काय मोजत्यात." नाना वेगवेगळ्या बूथवर जाऊन नंबर जुळवून बघायचे. एकदा कुठल्यातरी दूध डेअरीत लागला, एकदा एका लग्नाच्या कार्यालयात. तिथल्या माणसाने तारीख विचारली, नाना गोंधळले, आणि म्हणे, त्याने त्यांना हॉलचे दिवसच सांगायला सुरुवात केली. हिराबाई हे सांगताना पदर तोंडात कोंबून हसायच्या, आणि हसता हसता एकदम गप्प व्हायच्या. एखाद्या दिवशी खरंच लागला तर? ती भीती त्या दर गुरुवारी बरोबर घेऊनच यायच्या.

ह्या सगळ्यावरून कुणाला वाटेल, बाईंचं पोलिसांशी वाकडं होतं. अजिबात नाही. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एक टायवाला गृहस्थ बूथवर येऊ लागला. परदेशी नोकरी लावून देतो म्हणून मुलांची मूळ सर्टिफिकेटं गोळा करायचा. काही दिवसांनी तीच मुलं बाईंच्या बूथवरून त्याने दिलेल्या नंबरवर फोन लावायची आणि पलीकडे कुणी उचलायचं नाही. बाईंनी काही ऐकलं नव्हतं, पण कोण कुठे फोन करतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यावरून सगळं उघड होतं. दोन दिवस बाई सैरभैर होत्या. आपण होऊन सांगितलं तर शपथ मोडते, गप्प बसलं तर पोरं नागवली जातात. तिसऱ्या दिवशी मला घेऊन त्या चौकीवर गेल्या.

"देवरे, मला लेखी विचारा."

"काय विचारू ताई?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही विचारायचं, मग मी सांगायचं."

"पन कशाबद्दल?"

"मुलांनी तक्रार दिली तर विचारता येईल. बाहेर बाकावर तीन मुलं बसली आहेत. ती का बसली आहेत, ते त्यांना विचारा. मी त्यांना आणलेलं नाही. मी फक्त त्यांच्या पुढे चालत आले."

देवऱ्यांनी कपाळावर हात मारला. पण तक्रार लिहून घेतली, साहेबांची सही झाली, पत्र निघालं. बाईंनी ते दोनदा वाचलं, तारीख राहिली होती ती घालून घेतली, आणि मग एका दमात वार, वेळा, नंबर, सगळं सांगितलं. वही उघडलीसुद्धा नाही. टायवाला चार दिवसांत सापडला. देवरे पुढे नव्या पोरांना सांगायचे, "त्या ताईकडे जायचं तर कागद घिऊन जायचं, नायतर जायचंच नाय."

मग गल्लीत मोबाइल आले आणि केबिन रिकामी राहू लागली. मी दुकानात कॉम्प्युटर घेतला. बाईंना ई-मेल शिकवायला बसले.

"हे पत्र वाटेत कोण वाचतं?" त्यांचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. पासवर्ड असतो."

"आणि ज्यांची ही कंपनी, ते?"

"ते कशाला वाचतील?"

"आणि सरकारने मागितलं तर?"

"देत असतील बाई. मला काय माहीत!"

"लेखी मागितलं तर द्यावं," त्या विचार करत म्हणाल्या. "पण मंदा, तिथे टेबलावर कुणी बाई बसलेली नाही. लेखी आणा म्हणणार कोण?"

बाईंनी मग मला पाठ फिरवायला लावून असा पक्का पासवर्ड घातला की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच आत जाता येईना. मी हळहळले. त्या खूश होत्या. म्हणाल्या, "कुलूप चांगलं आहे."

दोन हजार सहाच्या आसपास बूथ बंद झाला आणि बाई हरसूलला भावाकडे राहायला गेल्या. तिथेच दोन-तीन वर्षांनी वारल्याचं कळलं. मी नंतर त्यांना भेटले नाही, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर बाई येतात त्या बूथ बंद व्हायच्या आधीच्या महिन्यातल्या, एका दुपारच्या.

हिराबाई तीन गुरुवार आल्या नव्हत्या. चौथ्या गुरुवारी मी बाईंच्या शेजारी टेबलामागे बसले होते, आणि नाना आले. मी त्यांना ओळखलंच नाही. अंगावरचं मांस उतरलेलं, टोपी हातात.

"हिराला वारा गेला अंगावरून," ते म्हणाले. "वाचा गेली. नुसती दाराकडं बघती. बाई, पोरीचा नंबर द्या."

मी मनात म्हणत होते, द्या हो, आता तरी द्या.

"नंबर तुम्हाला देता येणार नाही, नाना," त्या म्हणाल्या. "तो तिचा आहे. मी तिला विचारते."

नाना चिडतील असं मला वाटलं. ते स्टुलावर बसले. "इचारा," म्हणाले.

बाईंनी केबिनमध्ये जाऊन, आमच्याकडे पाठ करून नंबर फिरवला. दार उघडंच होतं, त्यामुळे पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला एक बाजू तरी ऐकू आली.

"संगीता, बूथवरून बोलते. आधी बस. आई आजारी आहे. जिवंत आहे, पण बोलता येत नाही. ऐक. तुझे वडील इथे आले आहेत. त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे. मी नंबर दिलेला नाही. तू नको म्हणालीस तर आत्ता ठेवते, आणि ह्यापुढेही देणार नाही. देऊ का?"

पलीकडून काही येईना. मीटरवरचे लाल आकडे बदलत होते. नाना जमिनीकडे बघत होते आणि टोपीची घडी घालत होते, मोडत होते.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि रिसीव्हर नानांपुढे धरला.

नाना आत गेले. बाईंनी दार लावलं. नानांनी फोन कानाला लावला, एक शब्द बोलले असतील नसतील, आणि त्या काचेच्या पेटीत तो एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागला. फुलबाजार सुटायची वेळ. गल्लीतून मखमलाबादच्याच बायका-माणसं पाट्या घेऊन चालली होती, दोघं-तिघं थांबलीसुद्धा.

बाई केबिनला पाठ लावून उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी पदर काचेवर ताणून धरला, मान डावीकडे, नजर रस्त्यावरच्या लोकांवर. "काय आहे? पुढे चला," म्हणाल्या.

पण एका पदराने सगळी काच झाकत नव्हती. एका बाजूने नाना दिसत होते. मी टेबलामागून उठले, त्या बाजूला गेले, आणि नानांकडे पाठ करून माझाही पदर पसरला.